आभार मानून झालेलं औषध

अयालाच्या डाव्या मनगटावरची शीर डोळ्यांना नेहमीसारखी निळी दिसत होती, पण बोटाला सुतळीसारखी लागत होती. शशिकला सिस्टरने तिच्यावर टिचकी मारली. शीर किंचित वर आली आणि सुई टेकताच बाजूला सरकली. कातडीखाली जांभळा डाग पसरत गेला.

"पलाली बग," शिरढोणची शशिकला म्हणाली. "मना वलखते ती आता. दुसरा हात दे, बाय."

"त्या हाताची गेल्या खेपेलाच संपली," अयाला म्हणाली. "पाय बघा. पाय अजून कोरा आहे."

शशिकला हसली आणि गरम पाण्याची पिशवी आणायला गेली. उशाशी बसलेली रेबेका, अयालाची आई, हसली नाही.

अयालाच्या शरीरात एक एन्झाइम जन्मापासूनच फार कमी होते. त्यामुळे पेशींतला एक स्निग्ध पदार्थ मोडत नसे. तो प्लीहेत, यकृतात, हाडांत साठत राही. आई आणि वडील, दोघांकडूनही तिला बिघडलेले जनुक मिळाले होते. तिचा धाकटा काका याच आजाराने गेला, आजाराचे नाव घरात कळण्याआधीच. ड्रिपमधून एन्झाइम मिळू लागले म्हणून अयाला शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि आता पनवेलच्या एका बँकेत काउंटरवर बसत होती.

मुंबईच्या डॉक्टर अरुंधती एका नव्या कॅप्सूलची चाचणी घेत होत्या. कॅप्सूल एन्झाइम देत नव्हती. ती तो स्निग्ध पदार्थ कमीच तयार होऊ देई. केर उचलणारं कुणी नसेल तर केरच कमी करायचा, असे त्यांनी समजावले होते. मात्र ड्रिप बंद करावी लागणार होती, आणि कॅप्सूल लागू पडली नाही तर प्लीहा पुन्हा वाढू शकते, हेही त्यांनी लपवले नव्हते. अयाला तयार होती, पण आईच्या होकाराशिवाय तिला चाचणीत जायचे नव्हते. वडील हायम 'तुम्ही मायलेकी ठरवा' म्हणून न्हावा शेव्याला कामावर निघून जात. रेबेका आधी पेसाह या ज्यू सणानंतर सांगते म्हणाली होती, मग पाहुणे गेले की सांगते म्हणाली. आज डॉक्टरांना उत्तर हवे होते.

"आई, आता फोन येईल त्यांचा."

"येऊ दे."

"काय सांगणार आहेस?"

रेबेकाने पदर सारखा केला. "मी मलिदा केलाय गं."

"कधी?"

"तू लहान होतीस. ड्रिपनं तुझं फुगलेलं पोट उतरलं तेव्हा. गोड पोहे, खोबरं, फळं. पनवेलातली आपली सगळी बेने इस्राएल मंडळी घरी बोलावली. एलियाहू हन्नाबी प्रेषितांचे आभार मानले. मला वाटलं, बरी झालीस तू. नंतर कळलं, हे जन्मभर घ्यायचं. ज्या औषधाचे आभार मानून झाले, तेच आता नको म्हणायचं? कोणत्या तोंडानं?"

"म्हणजे कॅप्सूलला भीत नव्हतीस तू? आणि मी वेड्यासारखी रोज तिची माहिती वाचून दाखवत होते!"

"ऐकली की सगळी. तुला वाचायला आवडतं."

"आई! मलिदा त्या बाटलीसाठी केलास की माझ्यासाठी?"

"काहीतरीच विचारतेस. तुझ्यासाठी."

"मग मी आहे ना इथं."

शशिकला पिशवी घेऊन आली. तिने कोपराजवळची जागा शेकली, बराच वेळ चाचपली. सुई टोचण्याच्या वेळी रेबेका नेहमी खिडकीकडे तोंड फिरवी. आज तिने फिरवले नाही. अयालाच्या दंडापासून मनगटापर्यंत लहानलहान पांढुरके वण होते. काही एकावर एक. शीर सापडली. अयालाने दातांखालचा ओठ सोडला आणि सवयीने म्हणाली, "थँक्यू, सिस्टर."

ड्रिप सुरू झाली तेवढ्यात अयालाच्या पर्समधला फोन वाजला. अयालाचा हात पट्टीने बांधलेला होता. रेबेकाने फोन बाहेर काढला, नाव वाचले आणि उभी राहिली.

"डॉक्टर, मी अयालाची आई बोलतेय. आजची ड्रिप शेवटची. तिचं नाव घाला, आम्ही कॅप्सूल घेणार."