माझ्यावरचं कुंकू

मी तबकडी बोलतेय. काळी, गोल, मधोमध भोक. फिनलंडच्या एका बेस गिटार वाजवणाऱ्याने थोडं जॅझ, थोडं रॉक मिसळून चाली बांधल्या आणि माझ्या अंगावर कोरल्या. गाणारा कुणी नाही, नुसती वाद्यं. म्हणून मला मुकी समजू नका. आज मी बोलणार.

सत्यजित नागपूरचा. कंपनीने त्याला हेलसिंकीला धाडलं होतं, तिथे त्याने मला घेतलं. पुढे अमेरिकेत नेपरव्हिलला नोकरी, लग्न, घर. मी बरोबरच. त्याच्या बायकोने, प्रीताने, मला पहिल्यांदा ऐकलं आणि पोळ्या लाटता लाटता ओरडली, "अरे, गाणारा कधी येणार? ट्रॅफिकमध्ये अडकलाय का?"

"सुट्टीवर आहे."

"मग मी गाऊ?"

"नको गं बाई, शेजारी पोलीस बोलावतील."

शनिवारी सकाळी तो मला लावून सोबत स्वतःचा बेस वाजवायचा. खोटं कशाला बोलू, वाईट वाजवायचा. पण मन लावून.

मग आली खंडेनवमी. प्रीताने पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर, बेस, सगळं मांडलं. "तुझी ती मुकी पण आण," म्हणाली. आणि माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर लावायचं सोडून मला बाहेर काढून, ओल्या बोटाने हळदकुंकू थेट माझ्या अंगावर टेकवलं! ते रेघांत वाळून घट्ट बसलं. शनिवारी सुई तिथे आली आणि टुणकन उडाली.

प्रीताचा चेहरा उतरला. "वाटोळं केलं रे मी. थांब, धुते."

त्याने तिचा हात धरला. "राहू दे. रस्त्यात खड्डा असतो, तसा आहे. आपल्या गावासारखं वाटतं."

तेव्हापासून ती जागा आली की तो "खड्डा!" ओरडून दोन्ही पाय वर उचलायचा. स्वयंपाकघरातून प्रीताही "खड्डा!" ओरडायची. पुढे अनिका झाली, तीही सोफ्यावरून उडी मारायची. त्या पोरीला मराठीचे चार शब्द धड येत असतील, त्यातला एक खड्डा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सत्यजित दारातला बर्फ उपसायला गेला आणि छाती धरून तिथेच बसला. उठला नाही.

माणसं भेटायला आली. एक काकू प्रीताच्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, "आता टिकली जरा..."

"काकू, टिकली मी लग्नाआधीपासून लावते. नवरा गेलाय, कपाळ नाही गेलं."

काकू चहा पीत बसल्या. प्रीताचं कुंकू पुसायची कुणाची छाती झाली नाही. पुसलं गेलं ते माझं.

पुसलं कुणी, तर त्याच्याच लेकीने. अनिका ॲन आर्बरला कॉलेजात शिकते. त्याच नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली, येताना तबकड्या साफ करायचं औषध आणि ब्रश घेऊन आली. मी महिनोन् महिने पडून होते, धुळीने माखलेली. आईला बाबांची तबकडी ऐकवायची, एवढंच तिच्या मनात. खड्डा म्हणजे जुना ओरखडा, असंच तिला वाटत आलेलं. तो लाल डाग काय, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने मला घासलं. मी ओरडणार कशी?

मग दोघी सोफ्यावर बसल्या. ती चाल सुरू झाली. जागा जवळ आली. दोघींनी पाय उचलले, दोघी ओरडल्या, "खड्डा!"

सुई सरळ पुढे गेली.

पाय तसेच वर राहिले. अनिका म्हणाली, "मॉम, व्हेअर इज इट? आय ओन्ली क्लीन्ड द डर्ट."

प्रीताने मला उचलून उजेडात तिरकं धरलं. लाल डाग शोधला, नव्हता. मग लेकीला जवळ ओढलं. "तुझं काही चुकलं नाही गं. ते खंडेनवमीचं कुंकू होतं, आम्हीच कधी सांगितलं नाही."

"वी कॅन पुट इट अगेन. प्लीज, मॉम."

"लावता येईल. पण 'राहू दे' म्हणायला तो कुठे आहे?"

आज पुन्हा खंडेनवमी. पाटावर मी आहे, शेजारी त्याचा बेस, तारा सैल पडलेल्या. प्रीताने बोट ओलं करून कुंकवात बुडवलं, माझ्यावर आणलं. आणि मग तिने ते खोक्याला लावलं. त्याची वस्तू बिघडेल म्हणून भिते.

अगं बाई, इतकी वर्षं मी अडखळत वाजले, तेव्हा हे घर हसायचं. आता मी कशी न चुकता वाजते, आणि तू रडतेस. कशाला हवी मला ही स्वच्छ काया? बोट अजून ओलं आहे तुझं. खोकं बाजूला सार. बिघडव मला.