तोतयाकडे दिलेला निरोप

आशयचा 'प' मोठा लांब पल्ल्याचा प्रवासी होता. नोएडाच्या शाळेत बाईंनी विचारलं, मराठे कुठे हरले? आशयने 'पानिपत'मधला 'प' धरला. घंटा झाली, मुलं घरी गेली, चौकीदाराने फाटकाला कुलूप घातलं, तरी शेवटचा 'त' आपला वाटेतल्या सोनिपतच्या अलीकडेच. खोटं वाटत असेल तर त्या चौकीदाराला विचारा. तो वारला, पण खरं तेच सांगेल.

घरी मात्र घाई नव्हती. त्याची आई चंद्रप्रभा हातातलं काम ठेवायची आणि म्हणायची, "सावकाश. मी थांबते." त्याने 'पोळी' म्हणेपर्यंत तव्यावरच्या चार करपल्या, पण शब्द तिने कधी त्याच्या तोंडून काढून घेतला नाही.

पानिपतच्या त्या लढाईनंतर भाऊसाहेब म्हणून मिरवणारा एक तोतया निघाला होता, ही गोष्ट वडिलांनी, श्रीरंगरावांनी, त्याला सांगितली होती. कॉलेजात आशयने पानिपतचा हातमागाचा पंचा तोंडावर बांधला, स्वतःला 'तोतया' म्हटलं आणि रॅप करायला उभा राहिला. पंच्याआडून हिंदी अशी सुटली की गुडगावच्या त्या हॉलमधल्या माइकला घाम फुटला. पुसायला माणूस ठेवावा लागला म्हणतात. तोतया अडखळत नव्हता. तोतयाच्या नावाचे टी-शर्ट निघाले, परदेशचे दौरे ठरले. मॅनेजर रेवतीची अट एकच होती: चारचौघांत तोंड उघडायचं ते तोतयाने. आशयला ते सोयीचंच वाटलं. पुढे पंचा नसतानाही तोतयाच बोलू लागला, फोनवर, बँकेत, दूधवाल्याशीसुद्धा. आशय कधी गप्प झाला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आशयच्याही नाही.

श्रीरंगराव गेले आणि आईची स्मरणशक्ती विरत चालली. आठ महिन्यांच्या दौऱ्यावरून तो परतला तेव्हा ती बाल्कनीत उन्हात बसली होती. पंचा बॅगेतच होता. त्याने वाकून विचारलं, पोळी खाल्लीस का?

तिने पदर सावरला. "आपण कोण?"

"आशय. आई, मी आशय."

"छे. त्याला 'प'ला वेळ लागतो."

त्याने लहानपणचा फोटो दाखवला, हनुवटीवरची खूण दाखवली. तिने पाहुण्याचं बघावं तसं सगळं बघितलं. शेवटी त्याने मुद्दाम अडखळायचं ठरवलं. "प... प... पोळी." तिन्ही 'प' नेमके तालावर पडले. इतकी वर्षं ज्याला हाकललं, ते आता बोलावूनही येईना.

तिचा चेहरा उतरला. "चेष्टा करू नका हो माझ्या मुलाची. शाळेत काय कमी करतात?"

त्याने फोटो परत खिशात ठेवला. तिलाच त्याची दया आली असावी. शाळेवरूनच जाणार का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला.

"मग त्याला सांगा, घाई करू नकोस म्हणावं. मी थांबते."

"पोचवतो निरोप," तो म्हणाला.

'प' कुठेही अडकला नाही.