बाउक्येच्या भट्टीविषयी, सर्वांच्या संमतीने

सभा तिसरी. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा.

(इतिवृत्त मी लिहितो. नाव श्युर्ड. आमच्या फ्रिसलंडमधल्या गावात हे काम कुणाशीही न भांडणाऱ्याला देतात. बाउक्ये माझी बहीण. गावाचे पाव ती भाजते.)

विषय : तिच्या गल्लीतली गॅसची नळी जुनी झाली, एक नोव्हेंबरला बंद होणार. शेजाऱ्यांनी घरं गरम ठेवायला विजेचे पंप बसवले. बाउक्येनंही विजेची भट्टी आणून ठेवलीय, पण तेवढी वीज तारांमध्ये शिल्लक नाही. वाढीव जोडणीची प्रतीक्षायादी आठ वर्षांची. उरला हायड्रोजन. तो त्याच नळीतून आणता येईल, पण सगळे पक्ष हो म्हणाले तरच.

बाउक्ये : मला एवढंच सांगा, दोन नोव्हेंबरला मी पाव कशावर भाजू?

रुलोफ (नळीच्या कंपनीचा) : हायड्रोजनवर. नळी आहेच, ती उपटून फेकायची कशाला?

इम्क्ये (पर्यावरण गटाची) : स्वच्छ हायड्रोजन पोलादाच्या कारखान्यांना पुरत नाही, आणि तू तो पावावर उडवणार? अत्तरानं फरशी पुसण्यातला प्रकार.

रुलोफ : तुझ्या घरी पंप लागलाय म्हणून बोलतेस, बाई.

इम्क्ये : आणि तुझी नळी पडून राहील म्हणून तू.

हिल्के (अध्यक्ष, तीस वर्षं समुद्राच्या बांधाच्या समितीवर) : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

(हे वाक्य मी घरूनच लिहून आणतो.)


सभा चौथी. विषय १ : मागील इतिवृत्ताला मंजुरी.

आमची रीत अशी, की ज्या वाक्याला एकाचाही आक्षेप, ते काढायचं. समुद्र दाराशी असताना आपसांत भांडून चालत नाही, असं हिल्के म्हणतो. समुद्र चार कोसांवर आहे.

अत्तराला रुलोफचा आक्षेप. काढलं.
नळीचं वाक्य म्हणजे जाहिरात, असं इम्क्येचं म्हणणं. काढलं.
त्यांच्या तूतूमैमैला दोघांचाही आक्षेप. हे एकमत बघून हिल्के सुखावला. काढलं.

राहिला बाउक्येचा प्रश्न.

'नुसता प्रश्न ठेवला तर,' हिल्के म्हणाला, 'सभेनं दुर्लक्ष केल्यासारखं दिसतं.'

'केलंच आहे की.'

'बाउक्ये, तू आपली आहेस. तू तरी समजून घे.'

मी प्रश्नावर रेघ मारली. तारीख, उपस्थिती आणि कॉफी उरली. मंजूर.

बाहेर सायकलचं कुलूप काढताना ती म्हणाली, 'श्युर्ड, तू तरी बोलायचंस.'

'लेखनिकाला बोलता येत नाही.'

'आईच्या पोटातून आलास तेव्हा काय कमी रडलास.'

(हे इतिवृत्तात नाही.)

विषय २ ते ६ वेळेअभावी पुढे ढकलले.


सभा पाचवी. सहा नोव्हेंबर.

सभागृहाची मागची भिंत आणि बेकरीचं अंगण लागून आहे. अंगणात सकाळपासून ट्रॅक्टरच्या गाड्यावर एक जनरेटर धडधडत होता. डिझेलचा. धूर आमच्या खिडकीपर्यंत येऊन थांबत नव्हता, आतही येत होता.

विषय १ : स्वच्छ ऊर्जेसाठी संवादाची पुढील दिशा.

बाउक्ये परात घेऊन आली. साखरपाव, गरम.

'हे काय चालवलंयस?' इम्क्येनं विचारलं.

'भट्टी.'

'डिझेलवर?' रुलोफ.

'हो. त्याला कुणाची संमती लागली नाही. एक फोन केला.'

'पण बाउक्ये,' हिल्के म्हणाला, 'चर्चा अजून सुरू आहे.'

'मग चालू दे. माझे पावही चालू आहेत.'

इम्क्येनं परातीकडे बघितलं, मग धुराकडे, मग पुन्हा परातीकडे. साखरपाव उचलला. अर्धा. मग उरलेला अर्धा. रुलोफनं तर दोन घेतले आणि भाजणी छान झाल्याचं सांगितलं. बाउक्येनं मान हलवली. ती चार दिवसांत म्हातारी दिसायला लागली होती. 'आठ वर्षं असंच चालवायचं,' ती मला हळूच म्हणाली, आणि दुसरा घाणा बघायला गेली.

हिल्के काहीतरी बोलत होता. ऐकू येईना.

ठराव : अंगणाकडची खिडकी लावून घ्यावी.
आक्षेप : नाही.

एकमतानं मंजूर झालेला या वर्षातला हा पहिला ठराव. सर्वांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. खिडकी मी लावली.