अर्थशास्त्राच्या खोलीतलं गोल टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. माझ्या तिन्ही पायांची शपथ घेऊन अगदी ओरडून सांगते, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठावं, बाकीच्यांना तेवढीच ऐसपैस जागा होईल. टेबलाला कुणी बाईमाणूस समजत नाही, ठाऊक आहे मला. पण जन्मभर दुसऱ्यांचं ओझं उचललं, आणि वर त्यांचंच ऐकून घेतलं. तेव्हा मी स्वतःला बाईच समजते.

जन्मले तेव्हा मी गोल नव्हते. बारा फूट लांब, चार फूट रुंद, आणि चार पाय. युनिव्हर्सिटीच्या मोठ्या सभागृहासाठी मला बनवलं होतं. पॉलिश असं चकचकीत, की एक अधिकारी दर सभेला माझ्यात बघून भांग पाडायचे. पुढे सभागृहात नवं फर्निचर आलं आणि माझी रवानगी तिसऱ्या मजल्यावर, अर्थशास्त्र विभागात झाली. जिन्यातून मावेना, म्हणून दोर बांधून खिडकीतून आत घेतलं. खाली सगळे वर्ग सोडून पोरं बघत उभी. लग्नातसुद्धा नवरीला एवढं कुणी बघत नसेल.

या विभागातली माणसं जरा निराळी होती. अर्थशास्त्र म्हणजे काय, तर कोण राबतं, त्यातून काय तयार होतं आणि ते जातं कुणाच्या घरी, हे शोधायचं. बाकी ठिकाणचे मास्तर शिकवायचे, "जग हे असं चालतं." आमचे विचारायचे, "असंच का म्हणून चालावं?" म्हणून लोक त्यांना जहाल म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. वरवर रागावल्यासारखं करायचे, पण आवडायचं.

सगळ्यांत मोठे दाढीवाले सर. निम्मा विभाग त्यांच्याच हाताखाली शिकलेला. कामगारांच्या संपात तीन आठवडे गेटवर बसून आलेले, अंगातला कोट काढून विद्यार्थ्याला देणारे. आवाज मात्र असा, की एकदा त्यांनी माझ्यावर मूठ आपटली तर चहाचा भरलेला कप उडाला, खिडकीबाहेर गेला आणि खालून चाललेल्या कुलगुरूंच्या हातात अलगद पडला. थेंब सांडला नाही. कुलगुरूंनी वर बघितलं, "साखर कमी आहे" म्हणाले आणि पिऊन टाकला.

विभागाचा एक नियम होता. मतदान करायचं नाही. मतदानात कमी मतांचा माणूस हरतो, आणि इथे कुणी हरायचं नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं आणि एकमत झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. नऊ शिकवणारे आणि दहाव्या टायपिस्टबाई, सगळ्यांना सारखाच मान. ज्याच्याबद्दल बोलायचं, तोही समोर हजर पाहिजे.

आता अशा माणसांना माझी दोन टोकं खुपायला लागली. टोकाला बसेल तो साहेब वाटतो. मग टोकं रिकामी ठेवली, तर टोकाजवळचे साहेब वाटायला लागले. दोन दिवस बैठक झाली आणि ठरलं, टेबल गोल करायचं. सुताराला बोलावलं. त्याने टेप लावला, पेन्सिल कानामागे अडकवली.

"साहेब, चार फूट रुंदीतून गोल काढला तर तो चार फुटांचाच निघणार. दहा माणसं कशी बसणार?"

"तो नंतरचा प्रश्न," दाढीवाले म्हणाले. "आधी तत्त्व."

"तत्त्व बसेल हो. माणसं बसणार नाहीत."

नऊ अर्थशास्त्रज्ञ, मित्रांनो! त्यात एकाला सगळे आकडेमास्तर म्हणायचे, कारण साऱ्या देशाच्या धान्याचा हिशोब त्यांना तोंडपाठ. पण टेप बघायला कुणी वाकलं नाही. सुताराने करवत लावली. संध्याकाळपर्यंत मी गोल झाले, अगदी भाकरीएवढी म्हणा ना. कापलेल्या एका टोकाचं टायपिस्टबाईंसाठी छोटं टेबल केलं, दुसऱ्याचं चहाच्या खोलीत फळकूट. चौथा पाय सुतार घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तीन पायांवर डुगडुगणार नाही. डोक्यांचं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी दहा जण माझ्याभोवती बसले तेव्हा गुडघ्याला गुडघे लागले. कुणाचा कागद कुणाच्या चहात. पण लाजेपायी तक्रार कुणी केली नाही. आणि खरं सांगते, एवढं चिकटून बसल्यावर माणसाला खोटं बोलणं अवघड जातं. दूरदूरची पोरं मला बघायला यायची. एका वर्तमानपत्रात माझा फोटोही आला, खाली दाढीवाल्यांचं नाव टाकून.

मग नवांतले एक सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आल्या नव्या बाई. विभागातल्या सगळ्यांत तरुण. तीन वर्षांची कच्ची नोकरी. घरी आई आणि लहान लेक. नोकरी पक्की झाली नाही तर बिऱ्हाड गुंडाळून बहिणीच्या दारात जायचं. त्या अभ्यास करायच्या घरकामाचा. दारोदार जाऊन विचारायच्या, पाणी कोण भरतं, आजाऱ्याजवळ कोण बसतं, किती तास. मुदत संपायचा दिवस शुक्रवार. त्या दिवशी पाचच्या आत विभागाचं शिफारसपत्र, सगळ्यांच्या सह्यांनिशी, खालच्या ऑफिसात पोचायला हवं होतं.

सकाळी दहाला बैठक बसली. अकरापर्यंत सगळे हो म्हणाले. दाढीवाले सोडून.

"मी बाईंच्या विरोधात नाही," ते म्हणाले. "पण पत्रात लिहिलंय, यांनी कामाचा नवा अर्थ मांडला. तो मला पटलेला नाही. कारखान्यात माणूस राबतो, वस्तू तयार होते, बाजारात जाते. ते काम. घरात कुणी भांडी घासली, चहा केला, तर बाजारात काय आलं? काही नाही."

"त्या माणसाला जेवू घालून, धुतलेला शर्ट देऊन कारखान्याच्या दारापर्यंत आणलं कुणी, सर?"

"तो त्याच्या घरचा प्रश्न."

"घरचाच. मी तीन वर्षं तोच सोडवतेय."

आकडेमास्तर घड्याळ बघत म्हणाले, "ते वाक्यच काढू या ना! 'बाई उत्तम शिकवतात' एवढं पुरे."

नव्या बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "उत्तम शिकवणाऱ्या पुष्कळ आहेत. ते वाक्य काढलंत तर मी केलेलं काही उरतच नाही. मग सही नकोच. मी जाते."

"अहो, हट्ट काय करता?"

"हट्ट एकटीचाच आहे का इथे?"

एक वाजला, दोन वाजले. जेवायला कुणी गेलं नाही. नव्या बाईंचे हात माझ्यावर टेकलेले होते, गार पडलेले. मला कळत होतं, बाकी कुणाला कळत नव्हतं. तीन वाजता दाढीवाल्यांचा घसा बसला.

"टायपिस्टबाई, जरा चहा होऊन जाऊ दे."

रोज हे वाक्य पुरं व्हायच्या आत त्या उठलेल्या असायच्या. आज हलल्या नाहीत.

"एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही, सर. नियम तुमचाच आहे."

"चहाला उठलं तर चालतं हो."

"का चालतं?"

"का म्हणजे... ते काही कामकाज नाही."

"मग तो झाला नाही तर कामकाज अडायचं कारण नाही. चालू द्या तुमचं."

कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. अर्धा तास सगळे घोगऱ्या आवाजात भांडत राहिले. मग दाढीवाले स्वतःच उठले आणि चहाच्या खोलीत गेले. झाकण पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दाढी दारात दिसली.

"साखर कुठे असते?"

सात जणांनी एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं चहा प्यायलेली माणसं! एकालाही सांगता येईना. नव्या बाई तोंड उघडणार होत्या, पण टायपिस्टबाईंनी खालून त्यांचा गुडघा दाबला.

"वरच्या फळीवर, निळा डबा," टायपिस्टबाई म्हणाल्या. "गाळणं घासलेलं नाही, ते आधी घासा. कपही कालचेच पडलेत. दहा."

पाणी वाहत होतं. आम्ही सगळे ऐकत होतो. चाळीस मिनिटांनी दाढीवाले सर बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रे माझ्यावर ठेवला. "चुकलो मी," म्हणाले. आणि पेन उचलून त्या वाक्यासकट पत्रावर सही केली.

सव्वाचार झाले होते. सह्या झाल्या आणि नवा वाद सुरू झाला: पत्र खाली न्यायचं कुणी? एकाने नेलं तर श्रेय एकाला जातं. पाचाला पाच मिनिटं उरली, तेव्हा टायपिस्टबाईंनी कागद त्यांच्या हातातून ओढला. "बसा भांडत," म्हणाल्या आणि गेल्या. ऑफिसचा कारकून खिडकी लावत होता. त्यांनी फटीत हात घातला आणि शिक्का उमटेपर्यंत काढला नाही.

नव्या बाईंनी पुढे सव्वीस वर्षं तिथे शिकवलं. एकेक करून बाकीचे निवृत्त झाले. नवे लोक आले, त्यांच्याबरोबर काचेचं लांब टेबल आलं, दोन टोकांचं. मला जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांत टाकलं. सात वर्षं माझ्यावर रंगाचे डबे होते, हा बघा इथला डाग. शेवटी नव्या बाईंनीच, केस पांढरे झाल्यावर, मला इथे मुलांच्या वाचनालयात आणवलं. आता तुम्ही माझ्यावर चित्रं काढता. बरं वाटतं.

तेव्हा एवढं करा. मला फरफटवू नका, उचलून न्या. गरम ग्लासाखाली कागद ठेवा. आणि पुढे मोठे होऊन कुठल्याही टेबलाभोवती मोठमोठं बोलायला बसलात, तर एकदा मान वळवून बघा, कोण अजून बसलेलंच नाही.

आता तुम्ही असे एकटक बघताय म्हणून सांगते. सगळं खरं आहे, एक सोडून. दाढीवाले सर "चुकलो मी" म्हणाले नव्हते. ट्रे ठेवला, सही केली आणि "साखर कुणाला कमी?" एवढंच विचारलं. माझ्याभोवती जगातलं सगळं बोलून झालं, पण तेवढे दोन शब्द कधी कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. फार वाट बघितली, मित्रांनो. मग मीच घातले.