शेल्फावरची बुचं

कॅनडात विनिपेगला आमच्या लॅबमध्ये कुणाची पीएचडी झाली की शॅम्पेन उघडायची, आणि बुचावर त्याचं नाव लिहून लॅबचे प्रमुख ओस्टरमन सर ते शेल्फावर मांडायचे. स्वतःच्या निवृत्तीच्या पार्टीत केक खाता खाता सर एका बाईंना म्हणाले, "तू माझी विद्यार्थिनी ना? चेहरा विसरत नाही मी! चल, तुझं बूच शोधू. नाव काय?"

"लिडिया क्लासन."

सरांनी सगळी बुचं उलटीपालटी केली. "कुणी हात लावला रे इथे?" ते आमच्यावर खेकसले.

"राहू द्या सर," त्या हळूच म्हणाल्या. "चौथ्या वर्षी तुम्हीच मला लॅबमधून काढलंत. आता माझी बेकरी आहे. हा केक पोचवायला आले होते."

सरांच्या तोंडातला घास त्यांना गिळवेना, थुंकवेना.