सोमवारचे हात

आमच्या घरातून आधी साबण गेला, मग अंडी गेली आणि शेवटी मांजर गेलं. कशापायी, तर बायकोच्या हातांपायी.

नाटकाचे पोशाख शिवणाऱ्या एका दुकानात ती हातशिलाई करते. काज, किनार, मणी, सगळं सुईनं. गेले चार महिने दर रविवारी संध्याकाळी तिच्या बोटांना खाज सुटायची. सोमवारी बारीक बारीक फोड येऊन बोटं अशी सुजायची की सुई धरता येत नसे. शुक्रवारपर्यंत कसंबसं सुकायचं, की पुन्हा रविवार हजर. मालकीणबाईंनी शांतपणे सांगून टाकलं, "अजून एक महिना बघते. मग मला दुसरी बाई ठेवावी लागेल." वीस वर्षांचं काम हो! त्या दिवशी ती घरी येऊन रडली, आणि ती सहसा रडत नाही.

आता रविवारी उठतं म्हणजे गुन्हेगार रविवारचाच, बरोबर की नाही? रविवारी ती कपडे धुते, म्हणून साबण बदलला. तीनदा! रविवारी अंडी खातो, ती बंद केली. रविवारी मांजर तिच्या मांडीवर लोळतं, म्हणून मी स्वतः ते पिशवीत कोंबून धाकट्या भावाकडे सोडून आलो. ओरखडे अजून आहेत. आणि सोमवारी हात जैसे थे! मी कपाळावर हात मारून घेतला.

ॲलर्जी म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मला मधमाशी चावली की पाच मिनिटांत ओठ टम्म फुगतात. म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर निरनिराळ्या वस्तूंच्या पट्ट्या चिकटवून "दोन दिवस हात लावायचा नाही" म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं. संध्याकाळी चहाच्या वेळी मी एक कोपरा उचलून पाहिला. काही नाही. सगळ्या उपटून टाकल्या. "पाठ अगदी स्वच्छ आहे," मी म्हणालो. "उगाच चिकटवून हिंडू नकोस."

डॉक्टरीणबाई माझ्यावर अशा काही उखडल्या की विचारू नका. "तुमची लगेच उठते म्हणून सगळ्यांची तशीच का? यांची वेगळ्या प्रकारची आहे. वस्तू आज कातडीला लागते. शरीरातल्या पेशी ती ओळखतात, गोळा होतात आणि मग हल्ला करतात. याला दोन दिवस लागतात, कधी तीन. आणि तुम्ही चार तासांत निकाल लावलात!"

पुन्हा पट्ट्या लावल्या. या वेळी मी हात मागे बांधूनच बसलो. तिसऱ्या दिवशी एक चौकोन लालभडक उठला होता, वर तेच बारीक फोड.

"हा केसांच्या काळ्या रंगातला पदार्थ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी लागला तर रविवारी उठणार. शुक्रवारी काय करता तुम्ही?"

बायकोनं माझ्या मिशीकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

दर शुक्रवारी ती माझी मिशी आणि कानशिलं रंगवते. फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभं राहायचं तर माणसानं टवटवीत दिसायला नको? ब्रशनं कडा बिघडतात म्हणून बोटानं. हातमोजे घातले की कुरकुर करायचो, तोही मीच.

"पण सहा वर्षं काही झालं नाही!" मी ओरडलो.

"सहा वर्षं शरीरानं चालवून घेतलं. आता शत्रू म्हणून ओळख पटली आहे. ते विसरणार नाही."

घरी येताना मी तिला विचारलं, "तुला कधी शंका आली नाही?"

"एकदा आली होती. पण लावल्यावर लगेच काही व्हायचं नाही, म्हणून म्हटलं नसेल."

"मग बोलायचं नाही? अगं, मांजर गेलं माझं!"

"अहो, मिशीला रंग असतो तेवढा अर्धा तास तुम्ही तोंड मिटून असता," ती म्हणाली. "अख्ख्या आठवड्यात आपण दोघं शांत बसतो ते तेवढंच. तेही बंद झालं असतं."

मी तिथूनच धाकट्या भावाच्या घराकडे वळलो.

मांजर परत आलं. मिशी पांढरी झाली. तीन सोमवार तिचे हात कोरडे राहिले आणि मालकीणबाईंनी दुसऱ्या बाईचा विषय सोडून दिला.

काल शुक्रवार होता. मी स्टूल ओढून नेहमीच्या जागी बसलो.

"रंग नाही काही नाही, कशाला बसलात?" ती म्हणाली.

मी ओठांवर बोट ठेवलं. ती समोर येऊन बसली. अर्धा तास मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि देवाशपथ, फार जड गेलं.