मुका जे

"पुन्हा उघडला मेला. दहादा ढकलावं, तरी हा आपला तोंड वासून."

मित्रांनो, हा 'मेला' म्हणजे मी. आर्डिस हे पुटपुटायची ती अगदी माझ्यावर वाकून. तिच्या कॉफीचा वास माझ्या लाकडाला लागायचा.

मी एक जुना खण आहे. ओकच्या लाकडाचा, पितळी मुठीचा. हल्ली माझ्यात पावांच्या कृतींची कार्डं असतात, आणि मागे सरकलेली वेलदोड्यांची एक पुडी. त्याआधी सत्तर वर्षं मी मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या गावात, जिल्हा कचेरीच्या खालच्या मजल्यावर होतो. तेव्हा माझ्यात माणसं असायची.

माणसं म्हणजे त्यांची नावं. पण अंधारात नुसत्या नावांनाही वजन असतं. ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

आम्ही छत्तीस खण एकाच कपाटाचे. दोन सुतार भावांनी एका हिवाळ्यात आम्हाला घडवलं. ते एकमेकांशी दिवसाकाठी चार शब्द बोलत, आणि त्यातले दोन हवेबद्दल असत. इंग्रजी एस अक्षराची नावं आमच्याकडे फार, म्हणून त्या एकट्या अक्षराला तीन खण दिले. ज्या नावात एसनंतर एच येतो तिथपर्यंतची नावं माझ्यात. पुढची माझ्या शेजाऱ्यात.

आमचं काम सोपं होतं. समजा, तुम्ही कुणाला एखादी वस्तू हप्त्यांवर विकली. हप्ते फिटेपर्यंत त्या वस्तूवर पहिला हक्क तुमचा. पण हे जगाला कळायला हवं, म्हणून कचेरीत एक कागद द्यायचा. त्याचं कार्ड विकत घेणाऱ्याच्या नावाखाली आमच्यात जायचं. पुढे दुसरं कुणी त्याच वस्तूवर कर्ज द्यायला आलं की आधी खण उघडून बघायचं. नाव सापडलं, तर सावध व्हायचं. नाही सापडलं, तर वस्तू मोकळी समजायची, आपला कागद द्यायचा, आणि मग पहिला हक्क त्या नव्या माणसाचा.

म्हणजे सगळा कारभार एका नावावर. आणि नावाचा एका अक्षरावर.

आर्डिस त्या कचेरीची कारकून. एकतीस वर्षं तिच्या हातून एक चूक झाली नाही, असं भिंतीवर चौकटीत लिहिलेलं होतं. दर वसंतात ती माझ्या कडांना मेण चोळायची. एकदा राजधानीहून तपासनीस आला. त्याने मला एका बोटाने ओढलं, एका बोटाने लोटलं, आणि म्हणाला, "असा खण मी दुसरीकडे पाहिला नाही." आर्डिस लाजली. मीही. लाकूड लाजलं की किंचित फुगतं, एवढंच.

मग एका फेब्रुवारीत लव्हॉन आली. तिचा नवरा, गावातला बेकरीवाला, तीन आठवड्यांपूर्वी वारला होता. बेकरीतली फिरत्या कप्प्यांची मोठी भट्टी तिने, बेकरी पुढे चालवणार होता त्या व्हर्लिनला विकली होती, दहा वर्षांच्या हप्त्यांवर. ते हप्ते हेच तिचं पुढचं आयुष्य. कागद खरं तर तिने स्वतः भरायचा. पण तिने पेन दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं.

"आण इकडे," आर्डिस म्हणाली. "मी टाइप करते. तू नुसतं सांग."

"व्हर्लिन शोलंडर," लव्हॉनने सांगितलं.

आता हे नाव तोंडात शोलंडर असलं, तरी कागदावर एसनंतर जे असतो. स्वीडनहून आलेला तो जे तिथे गप्प बसून असतो. मुका जे. आर्डिसला हे शाळेपासून ठाऊक होतं. व्हर्लिन तिच्या मागच्या बाकावर बसायचा. पण त्या दिवशी ती लव्हॉनच्या हाताकडे बघत होती, आणि तिने कानांनी लिहिलं. जेच्या जागी एच.

दुपारी व्हर्लिन सहीला आला. टाइप केलेल्या नावाकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग त्याखाली आपलं नाव लिहिलं, जेसकट, नीट.

"ठीक आहे ना सगळं?" आर्डिसने विचारलं.

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

आमच्याकडे दुसऱ्याची चूक दाखवणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलून खाणं. कुणी करत नाही. माणूस बर्फातून घसरून पडला, तरी आम्ही आधी म्हणू, आज हवा बरी आहे.

अशा रीतीने एचचा शोलंडर माझ्यात राहायला आला, आणि शेजारच्या खणात, जिथे जेचा शोलंडर हवा होता, तिथे फट राहिली.

मित्रांनो, त्या आठवड्यापासून मी आपोआप उघडू लागलो. बोटभर. रोज, त्याच कार्डापाशी. आर्डिस म्हणायची, जमीन उतरती झाली असेल. तिने माझ्या खाली घडी घालून पुठ्ठा सरकवला. तरी मी उघडायचो. खरं सांगतो, मी उघडत नव्हतो. आतून रेटा यायचा, कुणीतरी दार जरासं लोटून बाहेर कान लावावा तसा. बाहेर तळ्यावरचा बर्फ दिवसाउजेडी कण्हायचा. तो कण्हला की माझ्यातली सगळी कार्डं मागे कलायची, आणि हे एकच पुढे.

असा कागद पाच वर्षं चालतो, मग नवा करावा लागतो. पाच वर्षांनी लव्हॉन नवा करायला आली. आर्डिसने कार्ड काढलं. तिची बोटं एचवर आली आणि थांबली. लव्हॉनचंही लक्ष तिथेच होतं. भिंतीवरची चौकट दोघींच्या डोक्यावर होती.

"जुन्यावरूनच उतरवू ना?" आर्डिसने विचारलं.

"तुला बरं वाटेल तसं," लव्हॉन म्हणाली. "तू तेव्हा माझ्यासाठी फार केलंस गं."

आणि उतरवलं. जसंच्या तसं. माझ्यातलं वजन त्या दिवशी दुप्पट झालं.

दुसऱ्याच वर्षी कचेरीला शंभर वर्षं झाली. वरच्या मजल्यावर जेवण ठेवलं. पाहुण्यांची यादी आमच्या कार्डांवरून आणि मतदारांच्या यादीवरून केली, आणि नावाच्या चिठ्ठ्या ठेवायला मला रिकामा करून वर नेलं. म्हणून हे मी स्वतः पाहिलं. लांब टेबलावर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी. एक जेचा व्हर्लिन शोलंडर. एक एचचा. व्हर्लिन आपल्या खुर्चीवर बसला. शेजारची रिकामी.

सगळ्यांनी पाहिलं. वाढप्याने रिकाम्या जागेपुढे अॅपल पाय ठेवला. लव्हॉन किटली घेऊन फिरत होती. तिथे आली, क्षणभर घुटमळली, आणि त्याही कपात तिने कॉफी ओतली.

"यायचे असतील," ती म्हणाली.

"रस्ते वाईट आहेत," व्हर्लिन खाली बघत म्हणाला.

कॉफीची वाफ बराच वेळ निघत राहिली. जेवण आटोपलं तेव्हा कप अर्धा होता. हे कसं, ते मला ठाऊक नाही. शेजारी व्हर्लिन होता, हे खरं. पण व्हर्लिन कॉफी पीत नाही.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा, खिडकीत बर्फाचा पांढरा उजेड. व्हर्लिनला बेकरीचं छप्पर बदलायचं होतं, त्यासाठी शहरातली एक बँक कर्ज देणार होती, भट्टीच्या तारणावर. बँकेतून मार्सी नावाची तरुण बाई आली होती. ती दक्षिणेकडची, तोंडावर बोलणारी. सोबत व्हर्लिन. आणि गाडीच्या नंबरपाटीवर दरवर्षी लावायचं नवं स्टिकर घ्यायला नेमकी लव्हॉन रांगेत उभी.

"तुमच्या भट्टीवर आधीचा कुणाचा हक्क?" मार्सीने व्हर्लिनला विचारलं.

"असेल ते खणात असेलच," व्हर्लिन म्हणाला.

आर्डिस शेजारच्या खणाशी गेली. मी ऐकत होतो. तिची बोटं एसनंतरच्या जेपाशी गेली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिथे फटच होती.

"या नावाखाली काही नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. तिच्याकडून इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"छान. मग तसं लिहून सही करून द्या. मी आमचा कागद लावते." मार्सीने आपला कागद मिनिटांचा शिक्का मारणाऱ्या घड्याळाखाली ठेवला. त्या घड्याळाचा नियम असा, की ज्याचा ठोका आधी, त्याचा हक्क आधी. दुरुस्ती कधीही करता येते, एका पानाचं काम. पण ती तिचा ठोका पडेल त्या मिनिटापासूनच धरतात. मधे कुणी शिरलं, तर तो पुढेच राहतो.

आणि मी उघडलो. बोटभर नाही, हातभर. पुठ्ठा सुटून जमिनीवर पडला. तळ्यावर बर्फ कण्हला, आणि एक कार्ड पुढे झुकलं.

मार्सीने वाकून वाचलं. "शोलंडर, व्हर्लिन. बेकरीची भट्टी. हे तुम्हीच का?"

"नाव जवळचं आहे," व्हर्लिन म्हणाला.

"इथे एच आहे. तुमचा तर जे. भाऊ का?"

"मला भाऊ नाही."

"मग चुलत?"

"नात्यातले असतील कुणी," लव्हॉन हळूच म्हणाली. तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या कार्डावर होतं, आणि ती आर्डिसची लाज राखत होती.

"पत्ता तोच आहे," मार्सी म्हणाली. "एका घरात दोघे राहता?"

रेडिएटर फुसफुसत होता. "बरं, ते तुमचं तुम्ही बघा," मार्सी म्हणाली. "जेच्या नावावर काही नाही ना? लावू मी?"

मित्रांनो, मी खण. मला तोंड आहे, जीभ नाही. असती तर एवढंच सांगितलं असतं. नाव कानांनी लिहू नका, डोळ्यांनी लिहा. ज्याचं आहे त्याच्याकडून अक्षर अक्षर वाचून घ्या. आणि चुकलंच, तर त्याच दिवशी बोला. न बोललेली चूक खणात मरत नाही. ती तिथे जेवते, राहते, नवी होते, आणि एक दिवस दार लोटून बाहेर बघते.

आर्डिसने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मग सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं, मार्सीचा कागद घड्याळाखालून हलकेच बाजूला केला, आणि दुरुस्तीचा कोरा कागद लव्हॉनपुढे सरकवला. माझ्यातलं सगळं वजन एका जागी थांबलं.

"हा एचवाला कोण आहे ते तरी सांगा," मार्सी म्हणाली.

"असा माणूस नाही, बाई," आर्डिस म्हणाली. "कधीच नव्हता. तो मी टाइप केला."